आधी तुमच्या जुन्या गोलकीपरला फोन करा

"ताई नमस्कार, तुमचं सदर बायको वाचते, तिनेच लिहायला लावलं. मी जवळजवळ पंधरा सीझन प्रोफेशनल फुटबॉल खेळलो, स्टॉपर होतो, म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेंडर. फार मोठा प्लेअर नव्हतो, नॅशनल टीमच्या कॅम्पपर्यंत जाऊन परत आलो, शेवटची दोन वर्षं तर बेंचवरच. नवीन काँट्रॅक्ट आलं नाही, फोन पण आला नाही, तसंच संपलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. माझ्या जुन्या क्लबचा काहीतरी वर्षपूर्तीचा कार्यक्रम आहे, ते जुन्या प्लेअर्सचे कॅमेऱ्यावर इंटरव्ह्यू घेतायत, 'मागे वळून बघताना' असा विषय, आणि नंतर जुन्यांची एक एक्झिबिशन मॅच आहे. मी मागे वळून बघितलं की मला एकच दिसतं, सेमीफायनलचा सेल्फ गोल, म्हणजे आपल्याच जाळ्यात घातलेला, ८८वं मिनिट. लोक अजून तोच विषय काढतात. बाकी नावं, स्कोअर विसरायला लागलोय पण तो विसरत नाही. त्या सीझनला घोट्यात इंजेक्शन देऊन देऊन मला खेळवलं होतं, त्या कोचचा राग अजून जात नाही, कॅमेऱ्यावर बोलून टाकावं वाटतं आणि भीतीपण वाटते. पण खरं लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या महिन्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने ती क्लिप कुठून तरी शोधून काढली आणि विचारलं, बाबा हा तू आहेस का. मी म्हटलं नाही गं, दुसरा कोणीतरी आहे. पाठीवर नाव स्पष्ट दिसत होतं. ती काही बोलली नाही. तेव्हापासून धड झोप नाही. काय करू? – एक स्टॉपर"

स्टॉपरदादा, नमस्कार.

पत्र वाचलं, परत वाचलं, आणि आधी तुमच्या बायकोचे आभार, कारण तुम्ही स्वतःहून हे कधीच लिहिलं नसतं हे ओळीओळीत दिसतंय. मुलीचं तुम्ही सगळ्यात शेवटी घातलंत, मीपण तिच्याकडे शेवटीच येणार आहे, टाळायचं म्हणून नाही हं, पण तिला काय सांगायचं ते ठरवायच्या आधी त्या पंधरा सीझनचा जो हिशोब तुमच्या डोक्यात पक्का बसलाय तो जरा तपासायला लागेल, आणि तो हिशोब मला चुकलेला वाटतोय.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी मूळची फिजिओ. बरीच वर्षं फुटबॉल टीम्ससोबत काढली, ड्रेसिंग रूमच्या शेजारच्या त्या छोट्या खोलीत, जिथे एक टेबल, बर्फाचा डबा आणि टेपचे रोल असतात, आणि प्लेअर पालथा पडला की भिंतीकडे तोंड करून जे बोलतो ते कोचशी नाही, घरी नाही, कुणाशीच बोलत नाही. तिथे मला एक गोष्ट कळली. स्ट्रायकर येतो, घालवलेल्या चान्सबद्दल दहा मिनिटं स्वतःला शिव्या घालतो आणि पुढच्या मॅचला एक आत गेला की विषय खल्लास, मागचे पाच चुकलेले त्याच्या गावीसुद्धा नसतात. स्टॉपर आणि कीपरचं बरोबर उलटं. त्यांना विचारा सीझन कसा गेला, ते तुम्हाला खाल्लेले गोल सांगतील, तेही मिनिटासकट. तुम्हीपण सांगितलंतच की.

ह्यात तुमच्या स्वभावापेक्षा तुमच्या पोझिशनचा हात जास्त आहे. स्ट्रायकरचं काम झालं की ते स्कोअरबोर्डवर चढतं, स्टॉपरचं काम झालं की काहीच होत नाही. म्हणजे अक्षरशः काहीच नाही. तुम्ही दोन पावलं आधीच सरकलात म्हणून त्यांच्या मिडफिल्डरने तुमच्या डिफेन्समधून थ्रू बॉल टाकायचा विचार सोडला आणि बॉल मागे दिला, हे कुठल्या स्कोअरशीटवर लिहितात? कोण त्याची क्लिप बनवतं? आणि गोल मुळात इतके कमी पडतात की एकेकाचं वजन प्रचंड होऊन बसतं, २०२२च्या कतार वर्ल्ड कपला ६४ मॅचमध्ये १७२ गोल झाले, म्हणजे मॅचला तीनसुद्धा नाहीत, तर नव्वद मिनिटं बावीस माणसं जीव तोडून धावतात आणि कागदावर उरतात त्या दोन-तीन घटना. तुम्ही पंधरा सीझनमध्ये न होऊ दिलेले गोल कुणी मोजले नाहीत, झालेला एक मात्र सगळ्यांनी लिहून ठेवला. मग तुम्हीपण तोच कागद घेऊन बसलात.

बरं तो गोल झाला कसा हे तुम्ही लिहिलं नाहीत, मी अंदाज करते कारण पुष्कळ सेल्फ गोल तसेच होतात. बाजूने खालून जोरात क्रॉस आला, तुम्ही स्वतःच्याच गोलकडे तोंड करून पळताय, मागे त्यांचा नंबर नऊ, म्हणजे स्ट्रायकर, श्वास घेताना ऐकू येतोय, पाय लावला तर आपल्याच जाळ्यात जायची रिस्क, नाही लावला तर तो जवळून नुसता पाय लावून गोल करणार हे नक्की, आणि हे सगळं ठरवायला अर्धा सेकंद. तुम्ही पाय लावलात. जो डिफेंडर तिथपर्यंत वेळेत पोचतच नाही त्याच्या नावावर सेल्फ गोल कधीच लागत नाही, तो लांबून हात वर करून ऑफसाइड मागत असतो.

आता १९९४ची वर्ल्ड कप फायनल आठवा, तुम्ही तेव्हा शाळेत असाल पण बघितली असणारच. पॅसाडिनाचं रोझ बोल स्टेडियम, भर दुपारचं ऊन, ब्राझील आणि इटली, मॅच ०-० राहिली आणि पेनल्टी शूटआउटवर गेली. लोकांना त्यातलं काय आठवतं? इटलीचा रॉबर्टो बॅजिओ, कमरेवर हात, मान खाली, बॉल बारच्या वरून गेलेला. बस. त्याच बॅजिओने नायजेरिया, स्पेन, बल्गेरिया अशा तीन नॉकआउट मॅचमध्ये पाच गोल मारून टीमला तिथपर्यंत आणलं होतं, त्याच्या आधी इटलीच्याच बारेसीची पेनल्टी वरून गेली होती, मसारोची कीपरने अडवली होती, आणि बॅजिओची आत गेली असती तरी फक्त ३-३ झालं असतं, ब्राझीलची पाचवी किक बाकीच होती. म्हणजे ज्या किकने वर्ल्ड कप घालवला असं लोक तीस वर्षं म्हणतायत ती आत जाऊनसुद्धा वर्ल्ड कप मिळाला नसता कदाचित.

पण तुम्हाला बॅजिओपेक्षा बारेसीकडे बघायला सांगेन, तो तुमच्या जातीचा, स्टॉपर. चौतीस वर्षांचा माणूस, त्याच स्पर्धेत नॉर्वेविरुद्ध ग्रुप मॅचमध्ये गुडघ्यातल्या मेनिस्कसला (गादीसारख्या कूर्चेला) मार लागला, ऑपरेशन झालं, आणि चार आठवडे पण झाले नव्हते तर हा थेट फायनलला मैदानात. समोर रोमारिओ आणि बेबेतो, तेव्हाची जगातली सगळ्यात डेंजर जोडी. शेजारी नेहमीचा पार्टनर कोस्टाकुर्टापण नाही, तो सस्पेंड. आणि एकशेवीस मिनिटं ब्राझीलला एकपण गोल नाही. वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली बिनगोलाची फायनल ती, आणि लोक तिला बोअर फायनल म्हणतात, मला तर कळतच नाही हे, एकशेवीस मिनिटं त्या दोघांना जागा न देणं ह्याच्याइतकं भारी काम मी फुटबॉलमध्ये फार कमी बघितलंय. मग पेनल्टीला पहिली किक त्याचीच, गोळे आलेले पाय, बॉल वर. कागदावर काय उरलं? एक किक. तुम्ही त्याच्या जागी असतात तर आज मला काय लिहिलं असतंत सांगा बघू, 'ताई मी वर्ल्ड कप फायनलला पेनल्टी घालवली', एवढंच ना?

आणि सेल्फ गोलचंच म्हणत असाल तर क्रोएशियाचा मारिओ मांजुकिच घ्या. २०१८ची फायनल, फ्रान्सच्या फ्री किकवर ह्याच्या डोक्याला लागून बॉल स्वतःच्याच गोलमध्ये, वर्ल्ड कप फायनलच्या इतिहासातला पहिला सेल्फ गोल. त्याच मॅचमध्ये नंतर त्याने फ्रान्सच्या कीपरकडून बॉल काढून गोल मारला, आणि सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध १०९व्या मिनिटाचा विनिंग गोलपण त्याचाच. क्रोएशिया २-४ हरलं. आज त्याचं नाव काढलं की कुणी सेल्फ गोलवर अडकत नाही, कारण तो स्ट्रायकर आहे, त्याच्या कागदावर बाकी पुष्कळ लिहिलेलं आहे. तुमचा कागद कोरा दिसतो कारण तुमचं काम त्या शाईने लिहिलंच जात नाही.

मी असं अजिबात म्हणणार नाही की लोक विसरतील. नाही विसरत काही लोक. १९५०च्या वर्ल्ड कपची शेवटची निर्णायक मॅच ब्राझील घरच्या माराकाना स्टेडियमवर हरलं, त्यात उरुग्वेचा दुसरा गोल खाल्ला म्हणून ब्राझीलचा कीपर बार्बोसा २०००मध्ये वारला तोपर्यंत ऐकत राहिला बिचारा. तुम्हाला रस्त्यात भेटून 'तो सेल्फ गोल तुमचाच ना' म्हणणारा माणूस अजून वीस वर्षं भेटणार आहे, त्याला 'हो माझाच' म्हणा आणि पुढे चला, त्याच्यासाठी तो टाइमपास आहे.

मग करायचं काय, तर तुमच्या जुन्या गोलकीपरला फोन करा. जो तुमच्या मागे सगळ्यात जास्त सीझन उभा होता तो. कोचला नको, स्ट्रायकरला तर नकोच, त्यांना तुमचं काम दिसलेलंच नाही, कोच बाजूला उभा राहून बॉल बघत होता आणि स्ट्रायकरची पाठ तुमच्याकडे होती. अख्ख्या मैदानात एकच माणूस असा आहे ज्याने नव्वद मिनिटं तुमची पाठ बघितली, तुम्ही कुठे सरकलात, कुणाला ढकललंत, कुठला क्रॉस त्याच्यापर्यंत पोचूच दिला नाहीत. त्याला विचारा, अरे अशी कुठली मॅच आठवते का जिथे तुला काही कामच पडलं नाही? मी खात्रीने सांगते तो तीन-चार तरी सांगेल, आणि त्यातल्या दोन तुम्ही साफ विसरलेले असाल, कारण तुमच्यासाठी ते रोजचं काम होतं आणि तो मात्र तिकडे ग्लोव्हज काढून घालून टाइम काढत होता. कीपरला काम नाही पडलं म्हणजे स्टॉपरची बेस्ट मॅच, पण हे स्टॉपरला कुणी सांगत नाही. फोनवर नका उरकू, भेटा, आणि जे सांगेल ते लिहून घ्या, हो लिहून, तारीख आठवत नसली तरी समोरची टीम आणि तुम्ही कुणाला मार्क करत होतात एवढं लिहा. इंटरव्ह्यूला जायच्या आधी हा कागद तुमच्याकडे पाहिजे. सेल्फ गोलचा विषय निघाला तर निघू दे, कदाचित तो म्हणेल की त्याचीच हाक उशिरा आली, कदाचित म्हणेल नाही रे बाबा तुझंच चुकलं, दोन्ही ऐकून घ्या, त्यावरून भांडू नका.

बेंचच्या दोन वर्षांबद्दल तुम्ही जे घाईघाईत लिहिलंय ना, 'तर बेंचवरच', त्यावर एकच सांगते. १९६६च्या वर्ल्ड कपला इंग्लंडचा नंबर वन स्ट्रायकर होता जिमी ग्रीव्ह्ज, ग्रुप मॅचमध्ये नडगी फाटली, टाके पडले, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि फायनलला त्याने हॅटट्रिक मारली. तेव्हा मेडल फक्त फायनल खेळलेल्या अकरा जणांना मिळायचं, ग्रीव्ह्ज हात हलवत परत. बाकीच्या स्क्वाडलापण मेडल द्यायला २००९ उजाडलं, म्हणजे त्रेचाळीस वर्षं लागली फुटबॉल चालवणाऱ्यांना हे कळायला की प्रॅक्टिसमध्ये रोज समोर उभं राहणारी माणसंपण टीमच असतात. (त्याने २०१४मध्ये ते मेडल ४४,००० पाउंडाला विकून टाकलं, मला ते फार आवडलं का कोण जाणे.) त्या दोन वर्षांत तुमच्यासमोर रोज प्रॅक्टिस करून जो पोरगा तुमच्या जागी खेळायला लागला त्याचं नाव तरी लिहायचंत पत्रात.

आता इंजेक्शन. इथे मी जरा फिजिओसारखी बोलणार, ऐकून घ्या. घोट्यात दिलं ते नेमकं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेकांना नसतं. बधिर करायचं इंजेक्शन वेगळं, स्टेरॉइडचं वेगळं. पहिल्याने काही तास दुखणं कळत नाही, सांध्यावर पडणारा लोड मात्र तेवढाच असतो, म्हणजे शरीर जे ओरडून सांगत होतं ते ऐकू येणं बंद झालं एवढंच. दुसऱ्याने सूज उतरते, पण एकाच सांध्यात परत परत दिलं तर कार्टिलेजला, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेला, मार बसू शकतो. प्रोफेशनल खेळलेल्यांमध्ये पुढे गुडघ्याचा, घोट्याचा संधिवात बाकी लोकांपेक्षा जास्त दिसतो हे आता माहीत आहे. घोट्याने किती मोठी करिअर खाल्ली त्याचं उदाहरण म्हणजे हॉलंडचा स्ट्रायकर व्हॅन बास्टेन, मे १९९३ला मार्से क्लबविरुद्ध चॅम्पियन्स लीग फायनल खेळला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, ती शेवटची मॅच ठरली, आणि ऑफिशियली सोडतोय असं जाहीर करायला ऑगस्ट १९९५ उजाडला, मधली दोन वर्षं नुसती ऑपरेशन आणि वाट बघणं. शेवटची मॅच शेवटची आहे हे त्यालाही खेळताना कळलं नव्हतं, तुमच्यासारखंच. म्हणून पहिलं काम, क्लबकडे तुमचे जुने मेडिकल पेपर लेखी मागा, मिळाले तर मिळाले, नाही मिळाले तरी ऑर्थोपेडिककडे जाऊन सगळी हिस्ट्री सांगा, कुठल्या सीझनला किती वेळा, आठवतं तेवढं. नुसतं 'घोटा दुखतो' सांगून पेनकिलर घेऊन परत येऊ नका.

कॅमेऱ्यावर बोलायचं का? बोला, पण नाव घेऊ नका असं माझं मत आहे. एक तर तो क्लबचा इंटरव्ह्यू आहे, एडिटिंग त्यांच्या हातात, तुम्ही वीस मिनिटं बोलाल आणि ते दोन वाक्यं ठेवतील, ती कुठली दोन हे तुम्हाला टीव्हीवर कळेल, आणि नाव घेतलंत की पुढची सगळी चर्चा त्या माणसाची होईल, तुमच्या घोट्याची नाही. वर कोर्टाची भानगड होऊ शकते ती वेगळीच. दुसरं, तुम्हाला स्वतःला जे माहीत आहे तेवढंच बोला. म्हणजे मला दुखत होतं, खोलीत अमुक इतके लोक होते, सुईत काय आहे ते मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही, कारण विचारलं तर जागा जाईल अशी भीती होती. कोचच्या मनात काय होतं ते सोडून द्या, ते तुम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं. हे चार वाक्यांत शांतपणे सांगितलेलं, आत्ता खेळणाऱ्या एखाद्या वीस वर्षांच्या पोराने ऐकलं ना, तर पुढच्या वेळी टेबलवर पडल्यावर तो एवढं तरी विचारेल की ह्यात काय आहे आणि नाही घेतलं तर काय होईल. माझ्या टेबलवर ते विचारणारे फार थोडे होते. रागाचं अजून काही करायचं असेल तर फ्रान्सचा स्ट्रायकर जुस्त फोंतेन बघा, १९५८च्या एका वर्ल्ड कपमध्ये तेरा गोल मारणारा माणूस, पाय दोनदा मोडला, अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ संपला, आणि फ्रान्सच्या प्लेअर्स युनियनचा पहिला अध्यक्षही तोच. तुमच्याकडे प्लेअर्सची संघटना असेल तर कोचचं नाव, तारखा, सगळं तिथे जाऊन सांगा, ती त्याची जागा.

इंटरव्ह्यूचे प्रश्न आधी मागून घ्या, देतात ते. आणि सेल्फ गोलचा प्रश्न असणारच हे धरून चला, त्याला गोल कसा झाला ते टेक्निकली सांगा, क्रॉस कुठून आला, तुम्ही कुठे होतात, का पाय लावलात. माफी मागत बसू नका. बघणाऱ्यांनासुद्धा इतकी वर्षं कुणी सांगितलेलं नसतं की डिफेंडरला त्या क्षणी काय काय दिसतं.

नावं विसरतोय असं जे तुम्ही सहज लिहून गेलात ते मी सोडणार नाही. तुमच्या वयात, झोप नसताना, डोक्यात एकच चक्र चालू असताना नावं विसरणं कॉमन आहे, घाबरून जाऊ नका. पण तुम्ही स्टॉपर होतात, पंधरा सीझन हेडिंग केलंय, म्हणजे डोक्याने बॉल मारलाय, प्रॅक्टिसचं धरून विचार करा किती झालं असेल. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०१९मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी प्रोफेशनल प्लेअर्सचे रेकॉर्ड तपासले, त्यात डिमेन्शियासारख्या मेंदूच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण बाकी लोकांच्या साधारण साडेतीन पट निघालं, पुढच्या अभ्यासात डिफेंडर्सना सगळ्यात जास्त आणि कीपर्सना जवळजवळ बाकी लोकांइतकंच. २०१९च्या त्या अभ्यासात ह्याच प्लेअर्समध्ये हार्टच्या आजाराने मरण्याचं प्रमाण कमीपण होतं हेही लक्षात ठेवा, आणि हे सगळे जुन्या पिढीतले लोक. इंग्लंडमध्ये २०२१पासून प्रॅक्टिसमध्ये जोरातले हेडर आठवड्याला दहाच अशी गाइडलाइन आली ती ह्याच सगळ्यामुळे. तुम्ही एवढंच करा, डॉक्टरकडे जाल तेव्हा सांगा की मी हेडिंग करणारा डिफेंडर होतो, इतक्यांदा डोक्याला लागून बाहेर आलो होतो, आणि हल्ली नावं विसरतो. आपणहून कुणी विचारत नाही.

आता मुलगी. दादा, तिने ओळखलंय. पाठीवर नाव स्पष्ट दिसत होतं असं तुम्हीच लिहिलंत, ते आडनाव तिचंपण आहे. तिने विचारलं ते माहिती पाहिजे म्हणून नाही, तुमच्याकडून ऐकायचं होतं, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर ती गप्प बसली ती तुम्हाला वाचवायला. तेरा वर्षांची पोरं हे करतात, आपल्याला वाटतं त्यांना कळत नाही. तुम्ही खेळणं सोडलंत तेव्हा ती चार वर्षांची होती, म्हणजे तिच्याकडे तुमच्या खेळाचं दुसरं काहीच नाही, तीच एक क्लिप आहे, आणि तिच्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय तेपण तिने वाचलेलं असणार.

इंटरव्ह्यू टीव्हीवर यायची वाट बघू नका, ह्याच आठवड्यात बोला. लांबण नको. "त्या दिवशी मी खोटं बोललो, तो मीच होतो, मला लाज वाटली", एवढंच, आणि मग गप्प बसा, ते अवघड जाईल तुम्हाला पण बसा. 'आयुष्यात हार-जीत असते' वगैरे भाषण त्याला जोडू नका प्लीज, पोरांना ते लगेच कळतं की आता बाबा स्वतःचीच समजूत काढतायत. ती विचारेल ते भलतंच असेल, दुसऱ्या दिवशी तू काय केलंस, कीपरने तुला मारलं का, रडलास का. त्याची उत्तरं द्या. दुसऱ्या दिवशीची प्रॅक्टिस सांगा तिला, ती तुम्हाला नक्की आठवत असणार, कोणी डोळ्यात बघत नाही, सगळे बुटाच्या लेस बांधण्यात भयंकर बिझी, आणि मग कोणीतरी पहिला पास तुमच्याकडेच मारतो, मुद्दाम. कुणी मारला होता तो पास? त्याचं नाव सांगा तिला.

तिला इंटरेस्ट असेल तर एकदा एखादी मॅच बघायला घेऊन जा, घरी टीव्हीवर नको, तिथे कॅमेरा सारखा बॉलच्या मागे पळतो. मैदानात वरच्या रांगेत बसा आणि दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही, एकच स्टॉपर बघायचा, तो कधी वळून मागे बघतो, हाताने कुणाला लाइन वर आणायला सांगतो, त्याचा माणूस सरकला की हा किती सेकंदात सरकतो. तुम्ही फक्त तिच्या कानात सांगत राहा की आता तो हे का करतोय. कीपरने सांगितलेल्या मॅचपण तेव्हाच सांगा, तेव्हा तिला त्या समजतील.

राहता राहिली ती एक्झिबिशन मॅच. पेपर आणि घोटा डॉक्टरला दाखवल्याशिवाय नाही, हे आधीच सांगते. डॉक्टर हो म्हणाला तर वीस मिनिटं खेळा, अख्खा हाफ नको, आणि हेडिंग करू नका, लोक ओरडतील 'उडी मार', दुर्लक्ष करा. आत्तापासून रोज पायरीच्या कडेला उभं राहून काफ रेझ (टाचा वर उचलणं, खाली आणणं) सुरू करा, आधी दोन्ही पायांवर, दोन-तीन आठवड्यांनी एका पायावर, दुखलं तर थांबा. जुन्या प्लेअर्सच्या मॅचमध्ये मी घोट्यापेक्षा पिंढऱ्या जास्त फाटताना बघितल्यात, पहिल्या पाच मिनिटांत, वॉर्म अप न करता गप्पा मारत उभे असतात सगळे आणि मग एक लांब बॉल येतो आणि वय विसरून स्प्रिंट मारतात. पंधरा मिनिटं नीट वॉर्म अप, आणि तो पहिला लांब बॉल सोडून द्या, कीपर येईल पुढे. तोच असेल ना तुमच्या मागे?